लोडिंग डॉकची उंची डब्यावरूनच घ्या

मॉडेल रेल्वेच्या गोदामाला डॉक (माल चढवायचा-उतरवायचा ओटा) लावला की डब्याची जमीन आणि डॉकच्या फळ्या एका पातळीत येत नाहीत. उंची बोर्डापासून (मॉडेल ज्यावर मांडलंय त्या फळीपासून) मोजलेली असते, रुळाखालच्या कॉर्कच्या पट्टीची जाडी हिशेबात धरलेलीच नसते. खऱ्या अमेरिकी डॉकची उंची रुळाच्या माथ्यापासून साधारण ४ फूट, म्हणजे एचओ (१:८७) मापात १४ मिमी. पण आपल्या डब्यावरून घेतलेलं माप जास्त भरवशाचं.

१. बॉक्सकार (बंद मालडबा) गोदामासमोर रुळावर उभी करा. बोर्डावर पुठ्ठ्याची पट्टी उभी धरून डब्याच्या जमिनीची खूण करा. फळ्यांचा माथा या खुणेच्या १ मिमी खाली हवा.

२. फळ्यांसाठी कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या मधोमध उभ्या चिरा आणि चिकटवण्याआधीच रंगवा. फेविकॉल लागलेलं लाकूड रंग पीत नाही, तिथे फिकट डाग राहतात आणि ते नंतर झाकणं अवघड जातं.

३. काड्या आडव्या पट्ट्यांवर गरजेपेक्षा लांब ठेवूनच चिकटवा. वाळल्यावर स्टीलची पट्टी ठेवून कडा एकदम कापा.

४. डॉकचे खांब, म्हणजे पाय, गरजेपेक्षा १ मिमी लांब ठेवून चिकटवा. काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर अख्खा डॉक घासत फळ्यांचा माथा पुठ्ठ्याच्या खुणेच्या १ मिमी खाली आणा. सगळे पाय एकदम सारखे होतात, डॉक डुगडुगत नाही.

डॉक सरळ रुळालगतच ठेवा. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला सरकतात. पक्का चिकटवण्याआधी सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात रुंद इंजिन हाताने ढकलून पाहा. कडेला २-३ मिमी फट राहायलाच हवी.