अमेरिकेत गाडीचे लाइट बदलताय? आधी या चुका टाळा

इकडे अमेरिकेत आल्यावर आपल्यातले बरेच जण पहिली गाडी जुनी घेतात, मग रात्री हायवेवर उजेड कमी पडतो म्हणून ऑनलाइन एलईडी बल्ब मागवायचे आणि पाकिटावर 'डीओटी अप्रूव्ड' (डीओटी म्हणजे इथलं केंद्रीय वाहतूक खातं) दिसलं की निर्धास्त व्हायचं. मीही तेच केलं आणि समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायला लागला.

मुळात केंद्र सरकार कुठलाच लाइट अप्रूव्ह करत नाही, डीओटीची खूण म्हणजे कंपनीने स्वतःच दिलेली हमी. आणि हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकणं गाड्यांच्या लाइटसाठी असलेल्या केंद्राच्या १०८ नंबरच्या स्टँडर्डमध्ये बसतच नाही, कारण आतला रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो, तिथे दुसरं काही बसवलं की उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यात जातो.

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. केंद्राचा हा नियम लाइट किंवा गाडी बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला लागू, आणि डीलर किंवा गॅरेजवाल्यानेही गाडीत नियमाप्रमाणे बसवलेली गोष्ट निकामी करायची नाही. मालकाने घरी स्वतः केलं तर ते कलम त्याला लागत नाही, म्हणून लोक म्हणतात की मग चालतं. नाही चालत! रस्त्यावर राज्याचा कायदा आहे, तिकीट तिथूनच मिळतं, आणि पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात दरवर्षी सेफ्टी इन्स्पेक्शनही असतं.

गाडीच्या खाली लावलेले रंगीत लाइट, काळे केलेले टेललाइट, जादा फॉगलाइट यांचे नियम राज्याराज्यात वेगळे, आणि लागू होतो तो ज्या राज्यात आत्ता गाडी चालवताय तिथला, नंबरप्लेट कुठली का असेना. गाडीच्या पुढच्या बाजूला लाल-निळा लाइट तर नकोच.

अजून एक, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात पावसात वायपर चालू तर हेडलाइटही चालू पाहिजेत, नुसत्या डेटाइम लाइटवर (दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या लाइटवर) जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत त्याने मागचे लाइट लागतच नाहीत.

मग उजेड कमी पडतो त्याचं काय करायचं? आधी हेडलाइटची काच बघा, ती प्लास्टिकची असते आणि उन्हाने पिवळी पडते, पॉलिश किटने घासली की खूप फरक पडतो. मग सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी लावून दोन्ही झोत बघा, एक वर एक खाली असेल तर मॅन्युअल बघून सेट करा. बल्ब त्याच नंबरचे, हॅलोजनच, दोन्ही बाजूंना एकदम नवे टाका. एवढं करूनही एलईडीच हवेत तर नुसता बल्ब नको, १०८ मध्ये बसणारा अख्खा हेडलाइट घ्या आणि बसवल्यावर झोत परत भिंतीवर तपासा.