वेशीवरचा वीरगळ कसा वाचावा

गावात शिरताना पाराखाली, मारुतीच्या देवळामागे किंवा एसटीच्या थांब्याजवळ अर्धा मातीत गेलेला कोरीव दगड असतो. कुणी म्हसोबा म्हणून त्याला शेंदूर लावतं, कुणी त्याला म्हैस बांधतं. बहुतेक वेळा तो वीरगळ निघतो, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा स्मारकदगड. महाराष्ट्रात यातले बरेचसे शिलाहार-यादव या राजघराण्यांच्या काळातले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या कित्येक शतकं आधीचे. त्यामुळे ‘हा महाराजांच्या मावळ्याचा दगड’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, वहीतही लिहा, पण ‘ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार’ एवढं जोडून.

आधी उजेड बघा. ऊन समोरून पडलं की कोरीवकाम सपाट दिसतं. पूर्वेकडे तोंड असलेला दगड सकाळी आठला काही सांगत नाही. अकरा-साडेअकराला ऊन वरून घसरत आलं की ढाल, तलवार, घोड्याचा लगामसुद्धा दिसायला लागतो. दगड सावलीतच असेल तर टॉर्च कडेला जवळजवळ टेकवून आडवा मारा. माती साध्या पाण्याने आणि मऊ कुंचल्याने काढा. तारेचा ब्रश, ॲसिड, अक्षरांत खडू भरणं यांतलं काहीही नको. शेंदूर खरवडू नका. तिथे पूजा चालते, आधी गुरवाशी बोला.

आता वाचन, आणि ते खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. तिथेच गाईंची रांग असेल तर गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो गेला, असं समजायला हरकत नाही. त्यावरच्या चौकटीत लढाई. त्याच्या वर दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत. सगळ्यात वर शिवलिंग, शेजारी पुजारी आणि हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो याची कीर्ती राहो. चौकटी तीन असतील, चार असतील, क्रम सहसा हाच. सराव करायचा तर वाई तालुक्यातल्या किकलीला जा. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की दुपारपर्यंत डोळा तयार होतो.

कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. कधी हा हात वीरगळाच्याच एका कडेला असतो.

तिसरा प्रकार गधेगाळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचं उघडंवाघडं शिल्प. राजाने दिलेलं दान जो मोडेल त्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे. राजाज्ञेला इतका रोखठोक जामीन दुसरा नसेल. लाजून खालचा भाग सोडून फोटो काढू नका, दगडाची ओळख त्या भागावरच ठरते. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध मराठी शिलालेख गधेगाळावरच आहे. त्यावर शके ९३४ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १०१२. नंतरच्या लेखांत शुहूर सन (सुलतानी आणि मराठा काळात वापरात असलेली कालगणना) आढळला तर ५९९ किंवा ६०० मिळवा. अक्षर लागत नसेल तर अंदाजाने वाचू नका, सरळ फोटो जाणकाराकडे पाठवा.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर लेखच नसतो, म्हणून वीराचं नाव सहसा मिळत नाही. बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळांवर जहाजं आणि वल्ह्यांच्या रांगा कोरल्यात. त्यावरून बहुतेक अभ्यासक ते १२६५च्या सुमाराच्या, यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या आरमारी लढाईशी जोडतात. तर्क करायचा तो असा, दगडावर जे दिसतं त्याला धरून. गावाला लढाई हवी आहे म्हणून जवळचा किल्ला ओढून आणायचा नाही.

नोंद करताना गाव, तालुका, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, जमिनीवर दिसणारी उंची-रुंदी-जाडी आणि दगडाचं तोंड कुठल्या दिशेला ते लिहा. फोटोत दगडाशेजारी फूटपट्टी ठेवा. एक फोटो अख्ख्या दगडाचा, एकेक प्रत्येक चौकटीचा, पाठीचा एक, आणि एक लांबून, देऊळ नाहीतर पिंपळ दिसेल असा. हा लांबचा फोटो सगळे विसरतात. रस्ता रुंद करताना जेसीबीने दगड उचलून कुठेतरी टाकला, की मूळ जागा त्या एका फोटोवरूनच सांगता येते.

दगड उकरू नका, हलवू नका, ‘सुरक्षित राहील’ म्हणून घरी तर मुळीच आणू नका. जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यावर ऑइलपेंट चढणार असेल तर रंगाचा डबा उघडायच्या आधी सरपंचांना गाठा. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक राज्य पुरातत्त्व विभागाच्या तुमच्या भागातल्या सहायक संचालकांच्या कार्यालयात, आणि दोन्हीकडून पोच घ्या.