फुकट शिकायचं तर आधी वही घ्या

मी सेलूच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर हिशेब लिहिते. बारावी झाली तशी लग्न झालं, पुढची दहा वर्षं चूल आणि शेत. कॉम्प्युटरचा क्लास कधी लावला नाही. जे आलं ते दिराच्या जुन्या लॅपटॉपवर, फुकटच्या साइटवरून आलं. आता गल्लीतल्या पोरी विचारतात, "ताई, तुम्ही कुठून शिकलात?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

पहिली खरेदी म्हणजे दोनशे पानी वही. नुसते व्हिडिओ बघून काही येत नाही, काय कळलं आणि कुठे अडलं ते लिहून ठेवावं लागतं. मी तीन महिने एकामागून एक बघत गेले, सगळं कळल्यासारखं वाटायचं आणि माऊस हातात आला की बोटं अडायची.

कॉम्प्युटर शिकायचा असेल तर स्पोकन ट्युटोरियल ही साइट उघडा. आयआयटी मुंबईची आहे. धडा साधारण दहा मिनिटांचा. आवाज मराठीत, पडद्यावरचा प्रोग्राम मात्र इंग्रजीत, आणि हेच कामाचं आहे, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरवर बटणांची नावं इंग्रजीतच असतात. भाषा मराठी निवडा, मग विषय. मी लिबरऑफिस कॅल्क घेतला, म्हणजे एक्सेलसारखा हिशेबाचे तक्ते करायचा प्रोग्राम. तो प्रोग्रामही फुकट उतरवता येतो. अर्ध्या पडद्यावर धडा लावा, अर्ध्यावर कॅल्क. एक वाक्य ऐका, थांबवा, तसंच करून बघा, मग पुढे जा. दहा मिनिटांच्या धड्याला मला पाऊण तास लागायचा. तेवढा लागू द्या.

त्यांचा नमुना एकदा केलात की लगेच आपल्या घरचा हिशेब घ्या. मी सोयाबीनच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या घेतल्या. नाव, कट्टे, क्विंटल, भाव, हमाली. वर एका कप्प्यात हमालीचा दर लिहिला आणि पहिल्या ओळीत कट्टे गुणिले तो दर असं सूत्र घातलं. उत्तर बरोबर. सूत्र खाली ओढलं तर दुसऱ्या ओळीपासून हमाली शून्य! दोन रात्री डोकं धरून बसले. मग कळलं, सूत्र एक ओळ खाली आलं की दराचा कप्पाही एक घर खाली सरकतो, आणि तिथे तर काहीच लिहिलेलं नाही. सूत्रात त्या कप्प्याच्या अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरचं चिन्ह लावायचं. मग तो दावणीला बांधल्यासारखा जागचा हलत नाही. एक्सेलमध्येही हेच चालतं. आज दिवसाला शंभर पट्ट्या आल्या तरी माझा हात थांबत नाही, तो त्या दोन रात्रींमुळे.

अडलं तर त्याच साइटवर प्रश्न विचारायची सोय आहे. धड्याच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलं तेही तिथे सांगता येतं. म्हणून वहीत मिनिट-सेकंद लिहायची सवय लावा. आणि आपल्याकडे लाईटीचा भरवसा नाही, डेटाही रोजचा मोजका. जे उतरवून ठेवता येतं ते नेट चालू असताना उतरवून ठेवा.

गणितासाठी खान अकॅडमी. हिंदीतही आहे. तिथे व्हिडिओपेक्षा सरावाची गणितं जास्त मोलाची, चुकलं की पायरीपायरीनं दाखवतात. जावेचा मुलगा दहावीत समीकरणांना अडला होता. त्याला मी सहावीच्या अपूर्णांकांवर बसवलं, कारण खरी अडचण तिथेच होती. मागच्या इयत्तेत जायला अजिबात लाजू नका.

विज्ञानाला फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची साइट, काही प्रयोग मराठीतही आहेत. तारा, बॅटरी, बल्ब पडद्यावर ओढून जोडायचे. त्या लेकरानं बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या तारेनं जोडली आणि ओरडलं, "काकू, बॅटरीला आग लागली की!" शॉर्ट सर्किट त्याला आता कुणी समजावून सांगायची गरज नाही. ज्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट असतं, तिथल्या शिक्षकांनी हे जरूर वापरावं.

पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतात. पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा या शालेय अभ्यासाच्या सरकारी अॅपनं उघडतो. वाचायला मराठी विश्वकोश आणि अरविंद गुप्तांची साइट. त्यांच्याकडे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायची कृती आहे आणि मराठी पुस्तकंही भरपूर. कोडिंग शिकायचं असेल आणि इंग्रजी वाचता येत असेल तर फ्रीकोडकॅम्प.

कॉलेजच्या पोरांनी स्वयं बघावं. २०१७ साली सुरू झालेलं हे केंद्र सरकारचं व्यासपीठ. शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं तर परीक्षेची फी भरावी लागते. ती फी आधी बघून घ्या. सर्टिफिकेट नको असेल तर बिनदिक्कत नुसतं शिका.

पण फसवणूकही फार आहे. शेजारची एक पोरगी रडत आली, "ताई, कोर्स फुकट म्हणाले आणि आता सर्टिफिकेटला पैसे मागायलेत." तिनं चारशे नव्व्याण्णव भरले होते, हातात आला एक रंगीत कागद, त्यावर ना परीक्षा ना कुणाची खरी सही. मला फार वाईट वाटलं, ते पैसे तिच्या आईच्या खुरपणीचे होते. आधारचा फोटो, बँकेचा तपशील, फोनवरचा ओटीपी सांगायला लावणारी साइट दिसली की तिथल्या तिथे बंद करा.

एका वेळी एकच विषय धरा. सुरुवातीला रोज अर्धा तास पुरे, पण जागा आणि वेळ ठरलेली हवी. माझी वेळ पहाटे पाच, घर उठायच्या आत.

सेलूतल्या ज्या पोरींकडे कॉम्प्युटर नाही, त्यांनी रविवारी दुपारी दुकानावर या. मोंढा बंद असतो, मालकांना मी विचारून ठेवलंय. येताना वही आणि इअरफोन घेऊन या.