पाला हातभर, मुळा करंगळीएवढा: खतांच्या या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या बाल्कन्यांत आणि खारघरच्या गच्च्यांवर थंडीत मुळा, गाजर, बीट लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली: वर पाला झकास, खाली काहीच नाही. बियाण्याला नावं ठेवण्याआधी युरियाचा डबा बघा. पालकाला चालतो तो हात मुळ्याला चालत नाही.

नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन) जास्त झालं की झाड पानंच वाढवत बसतं, मूळ पोसत नाही. कुंडीत ‘जास्त’ व्हायला फार लागतही नाही. शेतात हेक्टरी १०० किलो नत्र धरलं, तर चौरस मीटरला १० ग्रॅम पडतं. बारा इंची कुंडीचं तोंड चौरस मीटरच्या साधारण चौदाव्या हिश्श्याएवढं. म्हणजे कुंडीला सुमारे पाऊण ग्रॅम नत्र. युरियात नत्र निम्म्याहून थोडं कमी असतं, म्हणून अख्ख्या पिकाला दीड ग्रॅम युरिया पुरे. चहाचा सपाट चमचा भरतो चारेक ग्रॅम, आणि काही जण तो दर रविवारी टाकतात!

स्फुरदाची (फॉस्फरसची) गोष्ट उलटी. ते उशिरा आणि वरून टाकलं जातं. स्फुरद मातीत फारसं सरकत नाही, त्यात आपल्या कोकणपट्टीच्या लाल मातीतलं लोह त्याला धरून ठेवतं. म्हणून सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) पेरणीआधीच मातीत, मुळं पोचतील तिथे मिसळा. डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं दाणेदार खत) मात्र बियाला चिकटू देऊ नका. त्यातल्या अमोनियाने कोंब करपतात.

मुळ्याच्या लवकर येणाऱ्या जाती ४०-४५ दिवसांत निघतात, त्यामुळे महिन्यानंतर घातलेलं खत वायाच. गाजर-बिटाला विरळणीनंतर (दाट उगवलेली जादा रोपं उपटल्यावर) खताचा एक हलका हप्ता द्या. विरळणी टाळली तर कुठलंच खत कामाचं नाही. मुरबाड-शहापूरकडे भातानंतर रताळी लावणार असाल, तर पालाशवर (पोटॅशवर) भर द्या. रताळ्याला ते नत्राहून जास्त लागतं.

बीट कापल्यावर आत काळे डाग दिसले, तर बहुधा बोरॉन (झाडाला अगदी थोडं लागणारं अन्नद्रव्य) कमी आहे. आपल्या पावसात ते धुऊन जातं. बोरॅक्स (बोरॉन असलेली पावडर) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, एकदाच फवारा. जास्त झालं तर तेच विष.

गाजराला फाटे फुटले, तर आणखी खत घालू नका. खडे, घट्ट माती किंवा न कुजलेलं शेणखत बघा. मातीवर पांढरा थर आला असेल, तर ते साठलेले क्षार आहेत: थर खरवडा, खालून धो-धो निघेपर्यंत पाणी घाला आणि पंधरा दिवस खताला हात लावू नका.