रुग्णालयाच्या कार्यालयीन कामासाठी अभ्यास कसा करावा

रुग्णालयातील नोंदणी, डिस्चार्ज आणि बिलिंगचे काम शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना जीवशास्त्राची धास्ती असते. माझ्या मते त्यांनी आधी तयारी करावी ती हुबेहूब वाचण्या-लिहिण्याची. सोलापुरात तर हे फारच गरजेचे आहे, कारण इथे केसपेपरच्या रांगेत अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे आजोबा आणि पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजी एकामागे एक उभ्या असतात. नाव कानावर पडेल तसे टाइप करू नये. आधार कार्डावरून एकेक अक्षर पडताळावे आणि लिहिलेले वाचून दाखवावे, कारण नावात फरक पडला की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे किंवा विम्याचे प्रकरण अडकते आणि हेलपाटे नातेवाइकांना घालावे लागतात.

वैद्यकीय शब्द घोकण्यापेक्षा ते फोडायला शिकावे. शेवटी ‘आयटिस’ आले की दाह, ‘एक्टमी’ आले की तो भाग कापून काढणे; म्हणून अपेंडिसायटिस हा आजार आणि अपेंडेक्टमी ही शस्त्रक्रिया. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे जास्त. इलियम हा शब्द तर दोन अवयवांचा आहे, लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. असे शब्द वहीत जोडीने लिहावेत.

गणित शाळेतलेच लागते, पण ते क्रमाने करता यावे लागते. समजा बिल ३८,४०० रुपयांचे आहे, त्यातले १,४०० रुपये विम्यात बसत नाहीत आणि उरलेल्या रकमेतला १० टक्के वाटा रुग्णाने भरायचा आहे. आधी १,४०० वजा करावेत. उरलेल्या ३७,००० चे १० टक्के ३,७०० होतात, म्हणजे रुग्णाकडून ५,१०० आणि कंपनीकडून ३३,३०० रुपये येणे. काउंटरवर हा हिशेब घाबरलेल्या माणसाला सोप्या मराठीत समजावता आला पाहिजे, म्हणून तो मोठ्याने बोलून सोडवावा.

टायपिंग मराठी आणि इंग्रजी दोन्ही असावे. शासकीय परीक्षेतील मिनिटाला ३० शब्दांची गती सुरुवातीला पुरेशी आहे. सरावासाठी घरातल्याच माणसांची जुनी बिले आणि डिस्चार्ज कार्डे घ्यावीत. प्रशिक्षणात हाताळलेला रुग्णाचा कागद घरी आणू नये, त्याचा मोबाइलवर फोटोही काढू नये.