पट्ट्याच्या हाताचा मोजा

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सचा हिवाळा नुसता थंड नाही, ओला आणि वाऱ्याचा आहे. कुत्र्याला फिरवून आणलं की खिशातला हात ठीक, पट्टा धरलेला बधिर. मी विणलेली हातमोज्यांची पहिली जोडी ॲक्रिलिकची होती. बर्फ वितळून ती भिजायची, वारा टाक्याटाक्यांतून आत. आई फोनवर म्हणाली, ‘दुहेरी धाग्यानं विण गं.’ विणलं, तर मूठच वळेना!

शेवटी शेजारच्या आजींनी इथली जुनी रीत दाखवली. शुद्ध लोकर घ्यायची. दर चौथ्या ओळीत, तीन टाके सोडून चौथ्यात, न कातलेल्या लोकरीची बोटभर वात धाग्यासोबत ओढून घ्यायची. टोकं आत राहतात. बाहेरून बदामाचे ठिपके, आतून अगदी मेंढी. वाती जागा खातात, म्हणून सहा टाके वाढवले (आधीचा मोजा बाहुलीला बसला असता). मनगटाची एक सुलट-एक उलट पट्टी चार इंच ठेवली. ती कोटाच्या बाहीत खोल जाते. त्यामुळे मांजर दिसल्यावर आमचे चिरंजीव झेपावले, तरी मोजा निसटत नाही.

दीड महिन्यात वाती एकमेकींत गुंतून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारख्या झाल्यात. धुते कोमट पाण्यात, न चोळता. गरम पाण्यात मोजे आटतात.