पानकापी मुंग्यांच्या बागेत एस्कोव्होप्सिस आहे का, हे कसं तपासायचं

आट्टा किंवा अ‍ॅक्रोमर्मेक्स या पानकापी मुंग्यांची कॉलनी लॅबमध्ये सांभाळत असाल तर बाग (म्हणजे त्या पानांच्या तुकड्यांवर खाण्यासाठी पिकवतात तो बुरशीचा गोळा) छान पांढरी दिसतेय म्हणून निश्चिंत राहू नका. एस्कोव्होप्सिस ही परजीवी बुरशी मुंग्यांवर नाही, त्या जी बुरशी पिकवतात तिच्यावर जगते, आणि नुसतं बघून ती सहसा सापडत नाही कारण कामकरी मुंग्या सतत बाग चाटून तिचे बीजाणू काढत असतात आणि जास्त बिघडलेला तुकडा तर उपटून थेट कचऱ्यात नेतात. म्हणून आधी मुंग्या बाजूला करायच्या, सगळी टेस्ट यावरच आहे.

निर्जंतुक चिमट्याने बागेच्या वरून, मधून, खालून छोटे तुकडे घ्या. त्यातली प्रत्येक मुंगी, अळी, कोष काढा, एकदम बारक्या मुंग्या आत दडलेल्या असतात त्यामुळे इथे घाई नको, एखादी राहिली तरी ती साफसफाई चालूच ठेवते. मग पेट्री डिशमध्ये ओल्या निर्जंतुक कापसाशेजारी तुकडे ठेवा, झाकण लावा, रोज बघा. कल्चर हवं असेल, म्हणजे बुरशी वेगळी वाढवायची असेल, तर बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) लावा, त्यात पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन घाला म्हणजे बॅक्टेरिया माजत नाहीत.

आधी पांढरा कापसासारखा थर भराभर पसरला आणि नंतर तपकिरी पावडर धरली तर संशय पक्का. हिरवं आलं तर बहुतेक ट्रायकोडर्मा, ही वेगळीच बुरशी. तरी रंगावर विसंबू नका, मायक्रोस्कोपखाली बघाच, एस्कोव्होप्सिसच्या बीजाणू धरणाऱ्या देठांना फुगीर टोकं असतात आणि त्यांवर सुरईच्या आकाराच्या पेशी.

अ‍ॅक्रोमर्मेक्सच्या छातीवरची पांढरी भुकटी मात्र रोग समजून पुसू नका हं! ते स्यूडोनोकार्डिया बॅक्टेरिया आहेत. त्यांचं अँटिबायोटिक याच परजीवीला रोखतं, हे संशोधक कॅमेरॉन करी आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवलं. आट्टाच्या अंगावर हा थर नसतो.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी बुरशीनाशक अजिबात मारू नका, मुंग्यांचं पीकही बुरशीच आहे, तेच आधी मरेल. थोडा संसर्ग घेऊन कॉलनी बराच काळ नीट जगू शकते. ताजी पानं देत राहा, कचरा वेळेवर काढा. नवी राणी आईच्या बागेतली बुरशी तोंडात घेऊन निघते पण परजीवी तिच्यासोबत येत नाही, तो नंतर बाहेरून घुसतो, त्यामुळे प्रत्येक कॉलनीचा चिमटा आणि कचऱ्याचा चमचा वेगळाच ठेवा.